आमच्या बेसमेंटमधले खासदार

टोरोंटोच्या स्कारबरो भागातलं आमचं घर म्हणजे टाउनहाउसच्या एका लांब ओळीतलं शेवटून दुसरं दार. वर दोन बेडरूम, मधे हॉल आणि स्वयंपाकघर, खाली बेसमेंट. ह्या घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. थंडी सुरू झाली की खाली फर्नेस धप्पकन पेटायची आणि मग भिंतींच्या आतून कुणीतरी लांब उसासा टाकावा तसा गरम वारा वर यायचा. शेजारच्या घरातला टीव्ही आमच्या जिन्यात ऐकू यायचा. आणि आईने तव्यावर सुके बोंबील भाजायला टाकले की तिसऱ्या मिनिटाला स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा. मग पप्पा स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालायचे, माझी धाकटी बहीण रिया कानांवर हात ठेवून "मॉम, नॉट अगेन!" म्हणून ओरडायची आणि आई शांतपणे दुसरा बोंबील उलटायची. आम्ही वसईचे. मामी दरवर्षी घरचा मसाला आणि सुकी मासळी कुणाच्या तरी बॅगेतून पाठवायची, आणि ती मासळी डिसेंबरात आली की मार्चपर्यंत आमची जॅकेट्ससुद्धा वासावरून ओळखू यायची.

बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा आईने इंडियन ग्रोसरीच्या दारातल्या बोर्डावर स्वतःच्या हाताने कागद लावला. शांत माणूस हवा, वेगळं वॉशरूम आहे, मासळीच्या वासाची तक्रार चालणार नाही. पप्पांना वाटत होतं एखादा नाशिक-पुण्याकडचा कॉलेजचा विद्यार्थी येईल. तसे दोघे-तिघे येऊनही गेले. पण चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली आणि दारात एक उंच, पांढऱ्या केसांचा, टाय लावलेला म्हातारा गोरा माणूस उभा होता. हातात आईचा तो कागद. बोर्डावरून चक्क काढून आणला होता.

"मासळी म्हणजे कोणती मासळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी," आई म्हणाली.

"मग मी कधी येऊ?"

ते अर्थात इंग्रजीत बोलत होते, आणि तेही अशा चालीत की पहिले काही दिवस मला निम्मं कळायचं नाही. इथे मी त्यांचं बोलणं माझ्या मराठीत लिहिते आहे. ते बोलायचे त्यात जी लय होती ती मराठीत बऱ्यापैकी बसते, असं मला पुढे नेहमी वाटत आलं. त्यांचं नाव मॅट क्विलिगन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातले, तिथेही मासळीच. बायको नोरा दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा चार तासांवरच्या कनाटा गावात, टेलिकॉम कंपनीत. त्याच्याकडे राहायला जायला मात्र ते तयार नव्हते. "तो माझ्याशी मोठ्याने आणि हळू बोलतो," एवढंच कारण त्यांनी दिलं. रिया त्यांना पहिल्या आठवड्यातच ग्रँडपा म्हणायला लागली. मी मॅट अंकल म्हणायचे. मी सोळा वर्षांची होते आणि मला त्या वयात सगळ्यांचाच थोडा कंटाळा यायचा. त्यांचा कधी आला नाही.

ते कोण होते हे आम्हाला त्यांच्या सामानाने सांगितलं. पप्पा आणि मी खोके खाली नेत होतो. एका खोक्याचा तळ सुटला आणि जिन्यावर गुंडाळी केलेलं एक मोठं पोस्टर उलगडत गेलं. त्यावर काळ्याभोर केसांचा, हसरा, टाय लावलेला एक तरुण माणूस आणि खाली ठळक अक्षरांत 'क्विलिगन, १'. रियाने विचारलं, "ग्रँडपा, वेअर यू नंबर वन?" ते हसत हसत पायरीवरच बसले आणि आम्हाला सांगायला लागले. त्यांच्या देशात मतदार एका नावापुढे फुली मारत नाहीत. आवडत्याला एक, त्याखालच्याला दोन, मग तीन, असे आकडे घालतात. म्हणून उमेदवार दारोदार जाऊन म्हणतो, मला एक द्या. आणि समोरचा म्हणाला की एक तर माझ्या चुलतभावाला दिलाय, तर म्हणायचं, बरं, मग मला दोन द्या. "दोन मागायला लाजणारा माणूस कधी निवडून येत नाही," ते म्हणाले. पप्पा हातात खोकं धरून तसेच उभे होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही... खासदार होता?" "चौदा वर्षं," मॅट अंकल म्हणाले. "आणि आठ महिने राज्यमंत्री. त्या आठ महिन्यांत मी एक पूल उघडला आणि एक गाय बक्षीस म्हणून दिली." त्या संध्याकाळी पप्पांनी त्यांच्याकडे वर्षभराच्या भाड्याचे आगाऊ चेक मागितलेच नाहीत. मंत्र्याकडे कसे मागायचे?

हळूहळू त्यांची सगळी कहाणी आमच्या स्वयंपाकघरात येत गेली, तीही सलग नाही, जेवताना तुकड्यातुकड्यांनी. तांदळाची भाकरी त्यांना फार आवडायची. तिला लोणी लावून, वर कोलंबीचं सुकं घेऊन ते अगदी हळू खायचे आणि बोलायचे. वडील बेकर. स्वतः मॅट अंकल सतराव्या वर्षापासून गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायला उभे. रोज सकाळी दीडशे शेतकरी त्यांच्यासमोरून जायचे आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असायचं. रस्ता खचलाय, पेन्शन अडकलंय, मुलीला नर्सिंगला प्रवेश हवाय. ते ऐकायचे आणि दुपारी बसून पत्रं लिहायचे. सव्विसाव्या वर्षी लोकांनीच त्यांना कौंटी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला, उभं केलं, एकतिसाव्या वर्षी संसदेत पाठवलं. मतमोजणीची गोष्ट सांगताना ते ताटावरून उठायचेच. हाताने मोजणी, एका मोठ्या हॉलमध्ये, कधी दोन दिवस, कधी तीन. कठड्याला टेकून दोन्ही बाजूंचे लोक प्रत्येक मतपत्रिका डोकावून बघतायत, कागदावर रेघा ओढतायत. एक उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकांवरचा दोनचा आकडा कुणाला ते बघून ती मतं वाटायची. म्हणजे सकाळी पडलेला माणूस संध्याकाळी निवडून येऊ शकतो. आई लाटणं हातात धरून ऐकत राहायची. "आणि मग?" ती विचारायची. "मग काय झालं?"

शेवटी ते हरले होते, तेही आम्हाला ठाऊक होतं. गावचं हॉस्पिटल सरकारने बंद केलं, लोक चिडले, आणि ते अकरा मतांनी पडले. तीनदा मोजणी झाली. हे मात्र ते एका दमात सांगून टाकायचे आणि चहा मागायचे. त्यानंतर नोराच्या भावाने बोलावलं म्हणून टोरोंटोला आले आणि निवृत्त होईपर्यंत एका हायस्कूलमध्ये केअरटेकर होते. बॉयलर, फरशा, खिडक्या, बर्फ. आयर्लंडला पुन्हा गेले नव्हते. एकदाही नाही.

रिया ज्या कॅथलिक प्राथमिक शाळेत तिसरीत होती ती आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. जुनी, विटांची, छोटी. ती बंद करून मुलं दुसरीकडे पाठवायची असं शिक्षण मंडळात चाललंय, ही बातमी आधी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. ती वाचून मॅट अंकल म्हणाले, लोकांना शनिवारी सकाळी बोलवा. आईने चहा केला आणि बेसमेंटमध्ये एकोणीस माणसं मावली. फिलिपिनो नर्सेस, दोन तमिळ कुटुंबं, एक जमैकन आजी, आमचे गोव्या-वसईचे चार-पाच जण. मॅट अंकल प्रत्येकाचं ऐकून वहीत लिहीत होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जिन्यावरच्या त्या पोस्टरमधला माणूस केस पांढरे करून खुर्चीवर बसला होता.

त्यातच कळलं की आमच्या भागाची ट्रस्टी, म्हणजे शिक्षण मंडळातली आमची प्रतिनिधी, दुसऱ्या शहरात राहायला चालली आहे आणि तिच्या जागेसाठी फेब्रुवारीत पोटनिवडणूक आहे. सगळे गेल्यावर कप गोळा करताना मॅट अंकल आईला म्हणाले, "सेलीन, तू उभी राहा."

आईने कप ट्रेमध्ये ठेवले. "मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करते."

"मी दूध मोजायचो."

"माझं इंग्लिश बघा. मी दोन वाक्यं बोलले की तिसरं मराठीत येतं."

"आज खाली एकोणीस माणसं होती. त्यातले किती जण कुणाकडे बघून बोलत होते? मी मोजलं. चौदा जण तुझ्याकडे बघून बोलत होते. वही माझ्या हातात होती तरी."

पप्पांना हे अजिबात पसंत नव्हतं. आपण सिटिझन होऊन किती दिवस झाले, कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी आई शिफ्टवरून आली, बूट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "वॉल्टर, फॉर्म भरायला उद्या शेवटचा दिवस आहे. मला गाडीने सोडणार की मी बस घेऊ?" पप्पा किल्ल्या उचलून म्हणाले, "बसला ट्रान्सफर आहे. दुसऱ्या बसची वाट बघत थंडीत कुठे उभी राहशील."

त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वेगवान आठवडे होते. आजही जानेवारीच्या थंडीत नाकातल्या ओलाव्याचा बर्फ झाला की माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात, ते त्या पाच आठवड्यांमुळे. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, थर्मल घालायची, क्लिपबोर्ड घ्यायचा. पेनमधली शाई गोठायची म्हणून पेन्सिल. मॅट अंकलनी भिंतीवर आमच्या भागाचा नकाशा चिकटवला होता आणि रस्ता संपला की रिया त्यावर हिरव्या स्केचपेनने रेघ मारायची. ते स्वतः एकोणऐंशी वर्षांचे, बुटांना बर्फावर न घसरण्याचे काटे बांधून, काठी घेऊन समोरच्या बाजूची घरं घ्यायचे. आई आणि मी ह्या बाजूची. त्यांचे नियम असे: बेल एकदाच वाजवायची. आधी नाव विचारायचं, मग स्वतःचं सांगायचं. वाद घालायचा नाही. चहाला आत बोलावलं तर जायचं नाही, रस्ता संपल्यावर येतो म्हणायचं, आणि मग खरोखर यायचं.

आई पहिल्या दिवशी इतकी घाबरली होती की तिसऱ्या दारात स्वतःचं नाव विसरली. "आय अ‍ॅम... शी इज माय डॉटर," ती म्हणाली आणि दारातली बाई हसायला लागली, आईही हसायला लागली, आणि त्या बाईने आम्हाला दहा मिनिटं सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या जमैकन आजींचं घर लागलं. पायऱ्यांवर घोटाभर बर्फ, वर चढताच येईना. मी म्हटलं पुढे जाऊ. आईने क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला, पोर्चच्या बाजूला टेकवलेलं फावडं घेतलं आणि पायऱ्या शोव्हल करायला लागली. पाचच पायऱ्या. मग तिने बेल वाजवली. आजी दार उघडून आधी पायऱ्यांकडे, मग आईच्या लाल झालेल्या नाकाकडे बघत राहिल्या. "तू मत मागायला आलीस का?" "हो," आई म्हणाली, "पण पायऱ्या मी तशाही साफ केल्या असत्या. पडला असतात ना." समोरच्या फुटपाथवरून मॅट अंकल हे बघत होते. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "हे मी तिला शिकवलेलं नाही. हे शिकवता येत नाही."

उमेदवार चौघे होते, पण खरी लढत दोघांत. दुसरे मिस्टर बेलामी. तरुण, विम्याचं काम करणारे, आवाज इतका गोड की त्यांनी हवामान सांगितलं तरी ऐकत राहावं. त्यांच्या पाट्यांवर एकच वाक्य होतं: मी आपली शाळा वाचवणार. आमच्या पाट्यांवर फक्त आईचं नाव. लोक दारात विचारायला लागले, तुम्ही वाचवणार का? आई म्हणायची, मी प्रयत्न करीन. आणि मी क्लिपबोर्डवर 'हो'च्या ऐवजी 'बघू' लिहायला लागले. 'बघू' वाढत चालले.

शाळेच्या जिममध्ये सगळ्या उमेदवारांची सभा होती, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी मंडळाच्या वेबसाइटवरून त्या शाळेच्या इमारतीचा अहवाल शोधून काढला होता. मी आणि मॅट अंकल शेजारी बसून तो वाचत होतो. छप्पर गेलेलं, बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय, मुलांची संख्या दरवर्षी कमी. इतकी वर्षं शाळेचे बॉयलर सांभाळलेल्या माणसाला तो कागद समजायला वेळ लागला नाही. "ही वाचणार नाही," ते म्हणाले. "बारा ट्रस्टी आहेत, सेलीन. तुझं एक मत."

आई कणीक मळत होती. "मग उद्या मी काय बोलू?"

"वाचवीन म्हण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"फक्त उद्यापुरतं," ते झपाट्याने बोलायला लागले, डोळे चमकत होते. "तू शंभर-दीडशे मतांनी मागे आहेस, मी यादी मोजलीय. हे एक वाक्य बोललीस तर पुढे जाशील. आधी निवडून ये. आत गेल्यावर लढ. कोण सांगावं, कदाचित वाचेलही. राजकारणात 'कदाचित' पुरेसं असतं."

आईचा हात थांबला. तिने रागाने नाही, अगदी साधेपणाने विचारलं, जसं ती नेहमी 'आणि मग?' विचारायची तसं. "मॅट अंकल, तुमच्या गावचं हॉस्पिटल वाचलं का?"

फर्नेस धप्पकन पेटली. मॅट अंकल तिच्याकडे बघत होते, पण तिला बघत नव्हते. मग त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि जिना उतरून खाली गेले. जेवायला वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला पेज घेऊन पाठवलं, तर दाराआडून "थँक यू, जॅस्मिन, तिथेच ठेव" एवढंच ऐकू आलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा बेसमेंटचा दिवा बंद होता. पप्पा म्हणाले, त्यांना लागलं असेल. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की मिटनमधूनही माझी बोटं दुखली.

जिम भरलं होतं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक बास्केटबॉलच्या खांबाला टेकून उभे. मिस्टर बेलामी पहिले बोलले. "मी शब्द देतो," ते म्हणाले, "ह्या शाळेचं दार बंद होणार नाही," आणि लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, मुलांचे पाय फरशीवर आपटण्याचे आवाज. मग आई. ती माइकपेक्षा बुटकी, माइक खाली करायला एक शिक्षिका पुढे आली. आईने लिहून आणलेला कागद पर्समध्येच ठेवला.

"माझी मुलगी इथे तिसरीत आहे," ती म्हणाली. "शाळा उघडी राहावी म्हणून मी मत देईन. पण बारा जणांत माझं एक मत आहे. शाळा वाचवीन असा शब्द मी देऊ शकत नाही. मी इमारतीचा रिपोर्ट वाचलाय. बहुतेक ती बंद होणार."

कुणीतरी मागून ओरडलं, "मग तुझा उपयोग काय?" दुसरा म्हणाला, "बस खाली!" आई बसली नाही. "माझ्या हातात एवढंच आहे," ती म्हणाली. "मुलं तीन शाळांत विखरू द्यायची नाहीत. सगळी एकत्र जातील, आणि त्यांना बस मिळेल. हे आत्तापासून मागावं लागेल. आणि मंडळात काय चाललंय ते तुम्हाला आधी मी सांगीन, पेपर नाही." दोन-चार टाळ्या पडल्या, थंडीत हात चोळावेत तशा. मला रडू येत होतं. आपण हरलो हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

मग प्रश्नांची वेळ झाली. लोकांची रांग लागली, आणि रांगेत सगळ्यात पुढे, काठी टेकत, टाय लावून मॅट अंकल उभे होते. ते कधी आले, कसे आले, आम्हाला माहीतच नव्हतं. बस घेऊन आले होते, ट्रान्सफर करून.

"माझं नाव मॅट क्विलिगन," ते म्हणाले. "मी सेलीनच्या बेसमेंटमध्ये राहतो." लोक हसले. "त्याआधी मी चौदा वर्षं आयर्लंडच्या संसदेत होतो." हसणं थांबलं. "आमच्या गावी एक हॉस्पिटल होतं. माझा मुलगा तिथे जन्मला. ते बंद होणार अशी कुजबुज होती. लोक हॉलमध्ये जमले, आज तुम्ही जमलात तसेच. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी आहे तोवर ह्याचं दार बंद होणार नाही. लोकांनी बाकं बडवली. आत्ता ऐकला तो आवाज मी ओळखतो. त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात मंत्र्याचं पत्र होतं. त्यात बंद करायची तारीख होती."

जिममध्ये वरच्या दिव्यांची घूं घूं ऐकू येत होती.

"मी हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. लोकांना खरं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी निदान अ‍ॅम्ब्युलन्स मागितली असती. मी त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्यांचं एक वर्ष घालवलं. हॉस्पिटल गेलं. अ‍ॅम्ब्युलन्स आलीच नाही. काल संध्याकाळी मी ह्या बाईला तेच वाक्य बोलायला सांगितलं, जे मी बोललो होतो. ती ते बोलली नाही." ते लोकांकडे वळले. "माझा प्रश्न मिस्टर बेलामींना नाही, तुम्हाला आहे. बस आज मागायची की वर्षाने?"

टाळ्या पडल्या नाहीत. पण त्या जमैकन आजी आपल्या खुर्चीवरून उठल्या, चालत आल्या आणि त्यांच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. माइक हातात आल्यावर म्हणाल्या, "बस किती वाजता निघेल, ते सांग, सेलीन." आणि पुढचा पाऊण तास त्या जिममध्ये फक्त बसबद्दल बोलणं झालं. कुठे थांबेल, छोट्यांना कोण चढवेल, शाळेआधी सकाळी मुलं कुठे बसतील. मी वहीत लिहीत होते. माझी पेन्सिल दोनदा तुटली.

पोटनिवडणुकीच्या दिवशी पप्पांनी सुट्टी घेतली आणि दिवसभर म्हाताऱ्या माणसांना आमच्या गाडीतून मतदानाला नेलं. तेच पप्पा! शेवटच्या फेरीला तर ते वाटेत भेटलेल्या एका अनोळखी माणसालाही "सर, हॅव यू व्होटेड?" विचारून आले आणि आम्हाला तीनदा सांगितलं. आठ वाजता मतदान संपलं. मॅट अंकल सँडविच, थर्मास, रेघा ओढायला कागद असा सगळा सरंजाम मांडून टेबलाशी बसले, दोन दिवस बसायच्या तयारीने. इथे मतं मशीन मोजतं. साडेआठच्या आत माझ्या लॅपटॉपवर आकडे आले. आई पुढे, सव्वीस मतांनी. सगळी केंद्रं मोजून झाली.

"संपलं?" मॅट अंकल म्हणाले. "एवढ्यात? हा तर दरोडा आहे! माणसाला घाम तरी येऊ द्यावा!"

मग आम्ही काय ओरडलो ते सांगता येत नाही. रिया सोफ्यावर उड्या मारत होती, पप्पांनी मला उचललं, सोळा वर्षांच्या मुलीला, शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली आणि मग तेच धावत आमच्याकडे आले. आई फ्रीजला टेकून नुसती उभी होती, दोन्ही हात तोंडावर. ती शाळा वाचली नाही, हे इथेच सांगून टाकते. दोन वर्षांनी बंद झाली. आईने विरुद्ध मत दिलं आणि ती बाजू हरली. पण मुलं एकत्र गेली, बस मिळाली, आणि तो निर्णय होण्याआधी आईने सगळ्या घरांत फोन केले. मला आजही वाटतं की त्या पोटनिवडणुकीचा खरा निकाल तो होता. पण त्या संध्याकाळी आम्हाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त जिंकलो होतो.

त्या गोंगाटात मॅट अंकल कोट घालून दाराशी उभे राहिले. "सेलीन, चल. अजून नऊ वाजले नाहीत. बेलामीच्या घरी जायचंय."

"आत्ता? तो काय म्हणेल?"

"काही म्हणू दे. मी हरलो त्या रात्री आमच्या घरी कुणी आलं नाही. नोराने पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला होता."

आई रिकाम्या हाताने जाणाऱ्यांतली नव्हती. लोकांसाठी तळलेले फुगे, आमच्या वसईकडचे ते गोड गोळे, तिने डब्यात भरले आणि रियाला शेजारच्यांकडे सोपवून आम्ही चौघे निघालो. मिस्टर बेलामींनी दार उघडलं तेव्हा ते मोज्यांवरच होते, टाय सैल, मागे पायजम्यातली दोन छोटी मुलं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा आधी आवळला. आईने डबा पुढे केला. "तुम्ही चांगलं बोलता," ती म्हणाली. "माझ्याबरोबर बस मागायला याल का?" त्यांनी डबा घेऊन मागे मुलांकडे दिला. मग मॅट अंकलकडे वळून, तो गोड आवाज अगदी बसलेला, म्हणाले, "मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मी शाळा वाचवीन."

"मला माहीत आहे," मॅट अंकल म्हणाले. "मला तर तू पटलाच होतास."

मिस्टर बेलामी हसले. मनात नसताना हसू फुटावं तसे, आणि मग त्यांना ते आवरेना. त्यांच्या मुलांनी तोवर डब्याचं झाकण उघडलं होतं. "डॅडी, दीज आर सो गुड," धाकटी भरल्या तोंडाने म्हणाली. ते दारातून बाजूला झाले आणि म्हणाले, "बाहेर थंडी आहे. आत या."

आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं, रस्ता संपेपर्यंत चहाला आत जायचं नाही, हा नियम होता म्हणून. मग तिने मॅट अंकलकडे पाहिलं.

"जा," ते म्हणाले, बूट काढायला वाकत. "रस्ता संपला आता."